नरम पितळेची पिन

माहा स्वभाव आधीच सांगून देतो, मागून लोकांनी सांगण्यापेक्षा. कोणी माही चूक दाखवली का मी पाना फेकतो आन घरी निघून जातो. मशीन उघडी तं उघडी. कोंढ्याच्या चौकात तीस वर्षांपासून दुकान आहे. धानाचे पंप, फवारे, मोटारी, बिघडलेलं सगळं बनवतो, आन गिऱ्हाईक माह्याशी जपून बोलते. मले वाटे, हा हुनराचा मान आहे. कायचा मान बावा! आपली मशीन अडकून पडन म्हणून लोकं भेत होते, बस.

पण मले माहं नाही, केवळरामभाऊचं सांगायचं आहे. आता भाऊ म्हणतो. तेव्हा माह्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या माणसाले मी चारचौघांत 'अरे केवळ्या' म्हणत होतो.

केवळरामभाऊ जातीचे ढिवर. त्यायचं गाव गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. बाकीच्यायनं पुनर्वसनात घरं बांधून दुसरे धंदे धरले, आन हे मच्छीमार संस्थेच्या नावेवर लागले. म्हणजे रोज आपल्याच गावावरून नाव नेत. पाण्याखाली कुठं चिंच आहे, कुठं मोहाचं खोड, कुठं विहिरीचा कठडा, सारं तोंडपाठ. चिंचेजवळ आले का मशीन हळू करत. नावेतल्या कोणी विचारलं, काहून हळू केली, तं म्हणत, आमचा चौक आला.

त्या नावेची मशीन कोण्या जमान्यातली विदेशी होती. नावेच्या मागं टांगायची, खाली पाण्यात पंखा, वर दोरी ओढून चालू करायची. संस्थेनं लिलावात घेतली तेव्हाच नावपट्टी झिजून सपाट झालेली. सामान कुठंच भेटे ना. मी तिले जुन्या मोपेडचं कॉइल बसवलं, फवाऱ्याचं कार्बोरेटर घासून-घासून जमवलं, रबरी वॉशर ट्रकच्या ट्यूबातून कापले. पहिल्याच दोरीत उठली. संस्थेनं नारळ फोडला, मले शाल दिली. त्या शालीनंच माहं डोकं फिरलं.

एकच गोष्ट सतावे. पंखा दांड्यावर धरून ठेवाले एक पिन असते, लहानशी. ती पितळेची होती, आन पंखा खोडाले लागला का तुटे. केवळरामभाऊ सदऱ्याच्या खिशात अशा चार-पाच पिना ठेवत आन नाव थांबवून नवी टाकत. त्या सरल्या तं माह्याकडं आले, अजून सहा करून द्या म्हणाले. मले हसू आलं. जे तुटते तेच पुन्हा कायले बनवू? ड्रिलच्या मोडक्या पात्याची पक्की पोलादी पिन घासली आन हातावर ठेवली. म्हटलं, घे, बापजन्मी तुटत नाही.

त्यायनं ती पिन दाताखाली धरून चावून पाहिली.

"मिस्त्री, ही कडक आहे. ही तुटाले पाहिजे. ही तुटते म्हणून आतलं वाचते."

दुकानात पाच-सहा जण बसले होते. त्यायच्यासमोर हा माणूस मले शिकवते? मी म्हटलं, "ढिवरानं जाळं पाहावं. मशीन मी पाहीन."

हे सांगताना आताही माहे कान तापून राहिले. केवळरामभाऊनं पिन खिशात टाकली आन गेले.

उन्हाळ्यात पाणी उतरलं. एका दुपारी वाऱ्यानं नाव सरकली आन पंखा चिंचेच्या खोडाले लागला. दुसरी नव्हती म्हणून माही पोलादी पिनच लावलेली होती, ती तुटली नाही. मशीन दुकानात आली, मी खालचा डबा उघडला, तं गिअरचे दात तेलात पडलेले, दांडा वाकलेला. पिन मात्र जशीच्या तशी, चमकत होती. तेव्हाच सगळं समजलं. लहान पोट्ट्यालेही समजलं असतं.

संस्थेची मीटिंग भरली. अध्यक्ष मधुकरराव. त्यायनं विचारलं, मिस्त्री, कशानं झालं हे? केवळरामभाऊ समोर सतरंजीवर बसले होते. आन मी, शाल घेतलेला मिस्त्री, काय म्हणालो? "चालवणाऱ्यानं जोरात ठोकली."

सगळ्यायनं त्यायच्याकडं पाहिलं. ते खाली पाहात म्हणाले, हो, झाली चूक. पंधरा दिवसांनी समजलं का ते तुमसरले गेले, राईस मिलमध्ये पोते वाहाले. ज्या माणसाले पाण्याखालचं गाव पाठ होतं, तो पोते वाहून राहिला, माह्या एका वाक्यानं.

दोन वर्षं मी तो गिअर शोधला. नागपूरचं भंगार उलटंपालटं केलं, कुठं-कुठं फोन लावले. लोकं म्हणत, मिस्त्री भारी जिद्दीचा. जिद्द कायची, जेवण गोड लागत नव्हतं. शेवटी विशाखापट्टणमच्या एका भंगारवाल्याकडं तशाच मशीनचा अख्खा खालचा डबा भेटला. आणला, बसवला. तरी तोंड काही उघडलं नाही.

मशीन पाण्यात न्यायच्या आधी पुन्हा मीटिंग झाली. मधुकरराव म्हणाले, केवळराम तं गेला, नावेवर आता आपल्यातल्या तुलारामले ठेवू. तेव्हा मात्र माह्यानं राहवलं नाही. उभा झालो आन सांगून टाकलं का पिन मी पोलादी दिली होती, केवळरामभाऊनं मले सांगतलंही होतं, मीटिंगमध्ये मी खोटं बोललो. वाटलं, आता जोडे पडतीन. कोणी हललंसुद्धा नाही.

मधुकरराव चष्मा पुसत म्हणाले, "आम्हाले तेव्हाच माहीत होतं. मीटिंगच्या आदल्या दिवशी केवळराम सांगून गेला होता. म्हणे, मिस्त्रीले तोंडावर बोलू नका. तो पाना फेकून जाईन, मंग मशीन कोण बनवन? चूक माह्यावर राहू द्या. मीटिंगमध्ये विचारलं, ते तुम्ही सोता सांगता का पाहाले."

आन ते खरं होतं. मी गेलोच असतो. दोन वर्षं हे लोकं मले चाय पाजत होते आन साऱ्यायले माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तुमसरची बस धरली. काय-काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. मिलच्या दारात कोंड्यानं माखलेले केवळरामभाऊ दिसले आन सारं विसरलो. खिशातून पितळेच्या सहा पिना काढून त्यायच्या हातावर ठेवल्या.

"भाऊ, मी चुकलो. तुम्ही चलता का?"

त्यायनं एक पिन दाताखाली धरली. "नरम आहे," म्हणाले, आन मुकादमाले सांगाले आत गेले.

पहिल्या फेरीले मधुकरराव, चार सभासद आन मी नावेत होतो. चिंचेजवळ भाऊनं मशीन हळू केली, तरी खालून टक्क आवाज आला. मशीन नुसतीच गुरगुरली, नाव जागीच उभी. पिन तुटली होती. भाऊनं मशीन वर उचलली, खिशातली दुसरी पिन टाकली, दोरी ओढली. पाच मिनिटंही लागले नाही. नावेतले सगळे तेवढा वेळ पल्याडच्या काठाकडं पाहात बसले. एकानंही माह्याकडं पाहिलं नाही. कोणी एखादी शिवी तरी घातली असती, तं बरं झालं असतं.