ग्रीकांची खंडित पोथी

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला प्राचीन ग्रीक महाकाव्याचा एक पेपर होता. विक्रोळीच्या चाळीतल्या मुलीने ग्रीकांची युद्धं कशाला वाचायची, असं घरात कुणी विचारलं नाही. बाबांची अट मात्र होती. सेकंड क्लास आला तर एम.ए., नाही आला तर मामाने बघून ठेवलेल्या कारखान्यात पॅकिंगला. संपात बाबांची गिरणी सुटली होती, घर आईच्या खानावळीवर चाललं होतं, त्यामुळे अट काही दुष्टपणाची नव्हती. तरी पॅकिंगला मला मुळीच जायचं नव्हतं.

कॉलेजच्या लायब्ररीत त्या महाकाव्याची एकच प्रत, आणि ती कायम कुणाच्या तरी नावावर. शेवटी बाबांनीच घाटकोपरच्या रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी भाषांतर शोधून आणलं. मुखपृष्ठ गायब होतं. मी उघडलं आणि गोंधळले. पहिल्याच ओळीत देवीला हाक, म्हणजे मंगलाचरण होतं. पण लगेच युद्धाचं थेट दहावं वर्ष, आणि दोन योद्धे एकमेकांवर खेकसतायत. युद्ध कशावरून पेटलं, आधीची नऊ वर्षं काय झालं, काही पत्ता नाही. शेवट पाहिला तर एकाचे अंत्यसंस्कार आणि खलास. शाळेत ऐकलेला तो लाकडी घोडा नाही, कुणाचा विजय नाही, फलश्रुती तर नाहीच.

आमच्याकडे पोथी म्हणजे पहिल्या अध्यायापासून शेवटच्यापर्यंत. पानं फाटली आहेत, असं मी जाहीर करून टाकलं. बाबांनी पुस्तकाची शिवण चाचपली. "खंडित पोथी घरात ठेवूची नाय गो. पुरी कर, नायतर खाडीत सोड."

मग मी ती पुरी करायला निघाले. मुलुंडच्या वाचनालयात ग्रीक पुराणकथांचा एक कोश सापडला. त्यात महाकाव्यातला मुख्य वीर एकीकडे टाचेत बाण लागून मेला होता, दुसरीकडे देवळात दग्याने, आणि मेल्यावर कुठल्याशा बेटावर सुखाने नांदतही होता. मी तिन्ही उतरवून घेतलं. घोडाही सापडला, पण शेकडो वर्षांनंतरच्या भलत्याच कवीकडे. अंधेरीच्या एका कॉलेजातून मैत्रिणीच्या कार्डावर महाकाव्याची दुसरी प्रत मिळवली, तर तीही दहाव्याच वर्षी सुरू! मी डोकं लढवलं: दोन्ही पुस्तकं एकाच फाटक्या प्रतीवरून छापली असणार. या शोधावर मी चक्क खूश झाले होते, हे आज सांगायला लाज वाटते.

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा मी शिकवणाऱ्या बाईंना गाठलं आणि विचारलं, पुढची-मागची पानं कुठे मिळतील?

त्या चष्म्यावरून बघतच राहिल्या. "अगं, पूर्ण आहे ते. एवढंच आहे. बाकीचं ऐकणाऱ्यांना माहीतच होतं."

माझी वाट लागली. पुस्तकात जे नव्हतं त्याच्या मी चार वह्या भरल्या होत्या, आणि पुस्तक वाचायचंच राहिलं होतं. राग आला, पण तो कुणावर काढायचा तेही कळेना.

घाईघाईने वाचून काढलं. पोथी पुरी आहे म्हटल्यावर बाबांनी विचारलं, "मग शेवटाक काय असा?"

मी सांगितलं. एक म्हातारा राजा. ज्याने त्याच्या मुलाला मारलं, त्याच्याच तंबूत हा जातो, त्याच्या हातांचं चुंबन घेतो आणि मुलाचं प्रेत मागतो.

"दिल्यान?"

"दिलं."

बाबा म्हणाले, "मीय गेल्लंय. संपानंतर, जॉबरच्या घराक. पाय धरलंय. पण माका काय परत घेतल्यान नाय."

गिरणीत कामगार घेणं-काढणं जॉबरच्या हातात असायचं; बाबा त्याच्या दारात गेले होते, हे आईलाही माहीत नव्हतं. खूप वाईट वाटत होतं, आणि त्याच वेळी शेवटावर प्रश्न आला तर काय लिहायचं, हेही डोक्यात चाललं होतं.

सेकंड क्लास थोडक्यात हुकला. सोमवारी मी पॅकिंगला जायला तयार झाले, तर बाबा माझ्याआधी कपडे करून दारात उभे. "त्या जागेवर मी जातंय," ते म्हणाले. "तू एम.ए.चो फॉर्म भर."

ती जागा पोरींसाठी होती, पुरुषांना तिथे घेत नसत. त्यासाठी ते पुन्हा कुणाच्या दारात गेले होते, ते मी कधीच विचारलं नाही.