तिच्या वाटणीची आई

धारूरच्या मिशन बंगल्यात मी वाढले. माझी आई पटकीनं वाटेतच गेली आणि कुणा गाडीवाल्यानं मला उचलून बंगल्याच्या ओसरीवर आणून बसवलं, एवढंच मला सांगितलेलं आहे. माझ्यासारख्या आणखी पोरी तिथं होत्या. पाद्रीसाहेबांच्या बायकोला गाव मडमबाई म्हणायचं, आम्ही मडमआई म्हणायचो. तिला स्वतःची एकच मुलगी होती, माझ्याच वयाची. पण इथलं ऊन आणि ताप गोऱ्या मुलांना सोसत नाहीत म्हणून तिला लहानपणीच दूर दक्षिणेतल्या थंड डोंगरावरच्या शाळेत ठेवलं होतं. ती फक्त नाताळला घरी यायची. एका वर्षी आमच्या मुलखात प्लेग होता, तेव्हा तेवढंही जमलं नाही.

पुढच्या नाताळासाठी मडमआईनं तिला निळा झगा शिवायला घेतला. मुलगी जवळ नव्हती, म्हणून माप माझं घेतलं.

“नीट उभी राहा, बाळ. तुम्ही दोघी सारख्याच,” ती म्हणाली.

टाचण्या टोचत होत्या तरी मी हलले नाही. तिचा हात माझ्या पाठीवर कामापेक्षा जास्त वेळ रेंगाळायचा. तो हात दुसरीच कुणाची पाठ चाचपतोय हे मला कळत होतं. तरी तो उचलला जाऊ नये असं वाटायचं.

नाताळ आला. आम्ही भिंतींना चुना दिला, कागदाचे कंदील टांगले, करंज्या तळल्या. तहसीलदारसाहेबांकडून दरवर्षीप्रमाणे डाली आली. पेरू-संत्र्यांनी भरलेली पाटी आणि वर झेंडूची माळ. पाद्रीसाहेब रेल्वेपर्यंत जाऊन मुलीला बैलांच्या दमणीतून घेऊन आले. ती उतरली तशी म्हातारी आया धावली. तिनंच त्या पोरीला अंगाखांद्यावर वाढवलेलं होतं, बोलायला शिकवलं होतं.

“आगं माजे बाय! लई उंच झाली की गं! मला वळखलं न्हाई का?”

मुलीनं बापाकडं पाहिलं. आयाचं मराठी आता तिला कळेनासं झालं होतं. मग तिनं आईपुढं हात केला, पाहुण्यापुढं करतात तसा. मडमआईनं तो हात धरला आणि मग तिला छातीशी ओढलं, पण मधला तो क्षण आम्ही सगळ्यांनी पाहिला.

नाताळच्या सकाळी झगा चढवायला घेतला तर तो खांद्यांवरच अडला. बाह्या कोपरापर्यंत वर गेल्या. मडमआई ओढून पाहत म्हणाली, “उसवून देते, आत्ता होईल.”

मुलगी हळूच इंग्रजीत बोलली. मडमआईनं आम्हाला शिकवलेलं तेवढं इंग्रजी मला येत होतं. ती म्हणाली, “आई, मी केवढी झालेय हे तुला माहीतच नव्हतं.”

तेवढ्यात तिला दारात उभी असलेली मी दिसले. तिची नजर माझ्या खांद्यांवर आली आणि तिला उमगलं. तिनं झगा उतरवला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. मिशनच्या देवळात मी तोच झगा घालून गेले. बायका म्हणाल्या, पोरीला कसा अंगासरसा बसलाय! ती दोन बाकं पुढं बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

नाताळनंतर ती पुढच्या शिक्षणाला मायदेशी, मावशीकडं जाणार होती. मडमआई मुंबईपर्यंत सोबत जाऊन तिला बोटीवर बसवणार होती. पेट्या भरल्या. आणि नेमकी मी आजारी पडले. छाती कफानं भरली, श्वास घेता येईना. गावातले हकीम आले, नाडी पाहून मान हलवून गेले.

निघायच्या सकाळी साहेब दारात आले. “गाडी जुंपलीय. बोट कुणासाठी थांबत नाही.”

मडमआई उठली. मी तिचं बोट धरलं. “मडमआई, जाऊ नका.”

आया म्हणाली, “जावा बाई तुमी. म्या हाय की हितं. पोटची लेक चाललीया, अन् बसून ऱ्हाताव कावून?”

मडमआईनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. आणि ती खाली बसली.

मुलगी निरोपाला आत आली, आईच्या गालावर ओठ टेकले आणि उंबऱ्यात थांबून आयाला म्हणाली, “येते.” तेवढा एक शब्द तिच्याजवळ उरला होता. बैलांच्या घुंगरांचा आवाज पार बुडाल्यावर मडमआई रडली. मी तापात जागी होते. मला बरं वाटत होतं, आई माझ्याजवळ राहिली म्हणून.

पुढं विलायतेत लढाई पेटली, बोटींचा भरवसा राहिला नाही. वर्षं गेली. ती आली ती साहेब वारल्यावर, आईला न्यायला. मी तेव्हा मिशनच्या शाळेत शिकवत होते. पहिल्याच सकाळी ती स्वयंपाकघरात आली आणि अवघडून इंग्रजीत म्हणाली, “आई चहात साखर घेते का?”

“अर्धा चमचा. डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजव्या बाजूनं बोला.”

मी फटदिशी सांगून बसले आणि मग जीभ चावली. तिनं चहा ढवळला. “बरं झालं, तिच्याजवळ तू होतीस,” ती म्हणाली. ती चिडून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या दोघी गेल्या. पुढच्या हिवाळ्यात मडमआई तिकडंच वारली. मुलीनं कळवलं होतं की शेवटी शेवटी आई फक्त मराठीतच बोलत होती, खूप बोलत होती. ती उशाशी बसून ऐकायची, पण घरात कुणालाच त्यातलं काही समजत नव्हतं.