अंबाबाईची सोबत

अंबाबाईचा धनगरवाडा मुळशी धरणाच्या वर आणि माहेर पवना धरणाच्या वर. मधे वाघजाईची खिंड. सत्तरी गाठेपर्यंत ही खिंड ती परसात जावं तशी ओलांडत असे. गेल्या साली गुडघ्यानं दगा दिला, भाऊबीज चुकली, आणि भाऊ कोंडाजी जो रुसला तो निरोपालाही उत्तर देईना. यंदा मुलानं, मल्हारनं, बजावूनच ठेवलं, "आये, एकटीनं खिंड चढायची न्हाई."

त्यातलं ‘एकटीनं’ तेवढं अंबाबाईनं लक्षात ठेवलं.

भाऊबिजेच्या सकाळी हिंजवडीचे पाच ट्रेकर पाठीवर बिऱ्हाड घेऊन दारात आले.

"मावशी, खिंडीची वाट दाखवायला कोणी मिळेल का?"

"हाय की," म्हणत तिनं ओवाळायचं ताट फडक्यात बांधलंसुद्धा.

निषाद नावाच्या मुलाच्या मोबाइलात नकाशा होता. दर दहा मिनिटांनी तो अंबाबाईला दाखवी; नातवानं काढलेलं चित्र बघावं तसं ती "छान हाय" म्हणे. अर्ध्यावर त्यांच्यातल्या मृण्मयीनं बसकण मारली. नव्या बुटांनी टाचा सोलल्या होत्या.

"मावशी, आपण परतू या. अजून किती आहे?"

सोबत माघारी फिरली की अंबाबाईलाही फिरणं आलं.

"हे काय, आलंच की."

डोंगरातलं ‘आलंच की’ तासभर पुरतं. तिनं आपल्या चपला काढून मृण्मयीपुढं ठेवल्या आणि अनवाणी चालू लागली. आता परतायचं नाव कोण काढणार?

खिंडीत दोन्ही धरणांचं पाणी दिसलं. पोरांनी फोन काढले. अंबाबाईनं पलीकडे तोंड करून हाळी दिली, "कोंड्याऽऽ"

तिसऱ्या हाकेला जवळच्याच कारवीच्या झुडपांतून खोकला आला, मागून काठी, आणि मग कोंडाजी.

"वरडतीस कशापायी? तुज्याकडंच निगालोय. गुडगा धरलाय म्हनं."

"आन् वरीसभर तोंड शिवलं हुतं व्हय?"

कोंडाजीनं दगडावर बसून टोपी सारखी केली. वाऱ्यात निरांजन काही लागेना. शेवटी पाचही जण आडोसा करून भोवती उभे राहिले.

कोंडाजी त्यांच्याकडे बघत म्हणाला, "ह्यास्नी वाट दावतीस व्हय?"

"न्हाई रं," अंबाबाई ओवाळता ओवाळता म्हणाली, "ह्यांनीच आनलं मला."