डॅन्यूबकाठची विरळणी

जुलैतल्या बहरैनमध्ये सकाळी सहाला घराबाहेर पाऊल टाकलं तरी चष्म्यावर वाफ धरते. अशाच एका सकाळी मी आणि माझे वडील, अण्णा, झिंजमधल्या आमच्या फ्लॅटमधून दोन बॅगा आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन युरोपला निघालो. डॅन्यूब नदीवरची आठ दिवसांची क्रूझ होती, तीही खास वाइनवाल्यांची. बोट गावोगाव थांबणार, आपण उतरून द्राक्षबागा बघायच्या आणि तिथली वाइन चाखायची. बुकिंग खरं तर मी माझ्यासाठी आणि मंदारसाठी, म्हणजे नवऱ्यासाठी, केलं होतं. त्याच्या प्लँटचं शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठीचा बंद, नेमकं जुलैत येणार हे लवकरच कळलं, त्याची लीव्ह गेली, आणि त्याच्या जागी मी अण्णांना घेतलं. अण्णांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. द्राक्षाला मात्र लावलाय. तासगावजवळ आमची तीन एकर बाग आहे आणि चाळीस वर्षं अण्णा त्या बागेत उभे आहेत.

होते, म्हणायला हवं. दीड वर्षापूर्वी आई गेली. पुढच्या थंडीत अण्णा न्हाणीघरात घसरून पडले आणि दोन तास तसेच पडून राहिले. आमचा शेजारी तानाजी बागेच्या पाण्याचं विचारायला आला म्हणून कळलं. मी तेव्हा इकडे सलमानियातल्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासत बसले होते. त्या दिवसापासून मी हट्टच धरला, की बाग काढा आणि इकडे या. रोज संध्याकाळी फोन, रोज तोच विषय, रोज शेवटी माझं रडणं. एप्रिलमध्ये अण्णा म्हणाले, "बरं. पाऊस सरला की जेसीबी घालू. येतो तिकडं." मला कोण आनंद झाला! खोलीला रंग दिला, नवा पलंग आणला. एप्रिलची छाटणी उरकून मे महिन्यात अण्णा आले. काढायच्या बागेची छाटणी कशाला केली, हे विचारायचं मला सुचलं नाही.

इथे आल्यावर ते दिवसभर खिडकीतून पार्किंग बघायचे. मी मैत्रिणींना सांगायचे, अण्णा मस्त रुळलेत.

आम्हाला मुहर्रकच्या विमानतळावर सोडायला हमीदभाई आले होते. आमच्या बिल्डिंगखाली त्यांचं कोल्ड स्टोअर (किराणा-दुधाचं दुकान) आहे. मूळचे रत्नागिरीचे, त्यामुळे अण्णांशी गप्पा मारायला त्यांना भारी आवडतं. म्हणाले, "अण्णानू, बोटीवर नुसती दारूच दारू असते म्हणे. तुम्ही नि मी एकाच पंगतीचे. माझ्या नावाचा लिंबू-सरबत प्या."

आत तपासणीच्या पट्ट्यावर अण्णांची पिशवी अडली. आतून निघाली बारीक टोकाची कात्री, विरळणीची. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कातरून काढणं, म्हणजे उरलेले मणी चांगले फुगतात. तपासणीवाला बहरैनी तरुण हसून म्हणाला, "मफी, हज्जी, मफी" (नाही चालणार, आजोबा). मी लाजेनं अर्धी झाले. "अण्णा, युरोपला कात्री कशाला?"

"खिशात असतीया. काढायची राहिली," अण्णा म्हणाले. कात्री टोपलीत पडली तिकडे मात्र ते वळून वळून बघत राहिले.

व्हिएन्नाला बोट पहिल्यांदा पाहिली आणि माझी सगळी चिडचिड मावळली. लांबलचक, पांढरी, बुटकी. वर गच्ची आणि गच्चीवर आरामखुर्च्या. अंगावर येणारी हवा गार होती, खरी गार, एसीची नव्हे. मी डोळे मिटून नुसती उभी राहिले. बहरैनमध्ये राहणाऱ्यालाच कळेल जुलैतल्या गार वाऱ्याचं मोल. अण्णांनी नदी न्याहाळली. निळी म्हणतात तिला, पण आम्हाला ती हिरवट-करडी दिसली. "आपल्या किस्नंसारखीच की," अण्णा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

दुसऱ्या दिवशी पहिली चाखणी झाली. एका गावात जमिनीखालचं तळघर होतं, भिंतींना काळी बुरशी आणि ओळीनं लाकडी पिंपं. आमच्यासोबत पंचविसेक पाहुणे. ग्लासात दोन बोटं वाइन ओततात, ती गोल फिरवायची, नाक घालून हुंगायची, घोट तोंडात घोळवायचा, आणि नको असेल तर टेबलावरच्या मडक्यात थुंकायचा. आमचा गाइड सांगत होता, "ओल्या दगडाचा वास येतोय का? पांढऱ्या मिऱ्याचा?" मला मिरं काही सापडलं नाही, पण चिरलेल्या कैरीचा वास आला आणि वाइन आवडली, अगदी मनापासून. दोन घोटांत माझे कान गरम झाले. अण्णा मात्र मडक्याकडे टक लावून होते.

"एवढ्या लांबून येऊन थुकत्यात का ग ही?"

"चव कळली की काम झालं, म्हणून."

"वर्षभर राबल्याला माणूस बघत आसंल तर त्येला काय वाटत आसंल!"

मी सगळं मुकाट्यानं गिळलं. त्यानंतर त्या सहलीत माझ्याच्यानं थुंकवलं नाही.

अण्णांसाठी त्या लोकांनी द्राक्षाचा साधा रस आणला, तोही वाइनच्याच उंच ग्लासात. अण्णांनी तो शेजारच्या जर्मन बाईंसारखा आधी गोल फिरवला, मग हुंगला. सगळं टेबल हसलं. अण्णाही हसले, आणि कित्येक दिवसांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

पुढचे दोन दिवस नदी अरुंद होत गेली. दोन्ही काठांना उभे डोंगर, आणि त्यांवर दगडी बांधांच्या पायऱ्यांवर द्राक्षाचे वेल. चुना-सिमेंट न घालता नुसते दगडावर दगड रचलेले ते बांध. अण्णा गच्चीवरून हलेनात. जेवायला बोलवायला मलाच वर जावं लागे. जेवणात जर्दाळू सारखे. त्या भागात जर्दाळूची झाडं दारोदारी आहेत. अख्खा जर्दाळू पिठाच्या उंड्यात घालून उकडतात आणि वर भाजलेला पावाचा चुरा पेरतात. अण्णांनी एक फोडला, वाफ बघितली आणि म्हणाले, "मोदकच हाय, फक्त त्येला शेंडी न्हाई." तीन खाल्ले. चटणीचा डबा तसाच राहिला.

चौथ्या दिवशीची वायनरी अशाच एका डोंगरउतारावर होती. मालकीणबाई साठीच्या, उन्हानं भाजलेला चेहरा, गुडघ्यापर्यंतचे बूट. नाव मारिया. अंगणात लांब टेबल मांडलेलं, पाच ग्लासांची ओळ, पाव, चीज. तिसऱ्या ग्लासाला माझ्या लक्षात आलं की शेजारची खुर्ची रिकामी आहे. मला धडकीच भरली. अण्णा कुठे पडले तर नाहीत ना, हेच आधी मनात आलं. मी ग्लास ठेवून धावत सुटले.

ते वरच्या तिसऱ्या बांधावर होते. एका वेलापाशी वाकून उभे, डाव्या हातात घड तोललेला, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याच्या नखानं कुटूकुटू हिरवे मणी खुडत होते. कात्री नव्हती ना! पायाशी वाटाण्याएवढ्या मण्यांचा सडा पडला होता. एक अख्खा वेल उरकून ते दुसऱ्यावर आले होते.

"अण्णा! काय केलंत हे?"

"अगं, किती दाट घड हाय बघ. मणी फुगंल कसा? कुणाचं ध्यानच न्हाई बागंवर."

माझ्यामागून गाइड आला आणि त्याच्यामागून मारियाबाई. गाइडचा चेहरा पडला. पाहुण्यांनी बागेत कशाला हात लावायचा नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. अण्णांना इंग्रजी येत नाही आणि मी ते सांगायचं विसरले होते. मी माफी मागायला सुरुवात केली आणि थांबेचना. बाईंनी मला हातानं थांबवलं. त्या खाली बसल्या, मूठभर मणी उचलले, मग अण्णांनी विरळलेला घड हातावर घेऊन सगळीकडून फिरवून पाहिला.

"यांना विचारा, असं का केलं."

मी विचारलं. अण्णांनी शिकवणीच घेतली. मण्याला जागा पाहिजे, आत वारा खेळला पाहिजे, नाहीतर आतला मणी कुजतो आणि शेजारच्याला घेऊन जातो. मी वाक्यावाक्याला इंग्रजी करत होते. बाई म्हणाल्या, "त्यांना सांगा, ही खायची द्राक्षं नाहीत. मोठा मणी आम्हाला नकोच असतो. मोठ्या मण्यात पाणी. लहान मण्याची साल जाड, सगळी चव सालीत. वर्षभर आम्ही मणी मोठा होऊ नये म्हणून धडपडतो."

अण्णांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी मी बाईंचं नुकसान केलं."

चाळीस वर्षं बाग केलेला माणूस शाळकरी पोरासारखा मान खाली घालून उभा होता, आणि मला फार वाईट वाटलं. पण बाई हसल्या. म्हणाल्या, "एका बाबतीत त्यांचं खरं आहे. या बांधाजवळच्या ओळीत घड फार दाट येतो आणि सप्टेंबरच्या पावसात आतून सडतो. दरवर्षी म्हणते, विरळायला हवा. इतक्या सारख्या हातानं करणारं माणूस कुठून आणू?" एवढं बोलून त्यांनी खिशातून स्वतःची कात्री काढली आणि अण्णांपुढे धरली. "ही ओळ पुरी करा."

पाहुणे खाली चाखत राहिले, बाईंनी स्वतःसाठी दुसरी कात्री मागवली आणि वर हे दोघं ओळीच्या दोन बाजूंनी कामाला लागले. बाईंना मराठी नाही, अण्णांना जर्मन नाही. बाई घड दाखवायच्या, अण्णा "अंहं" करायचे आणि घडातली कुठली पाकळी, म्हणजे बाजूचा झुपका, उडवायची ते बोटानं सांगायचे. मी मध्ये उभी, दोघांची दुभाषी, पण तासभर मला फारसं कामच नव्हतं. तीन ग्लासांची वाइन चढलेली, ऊन कोवळं, खाली नदी. सुखात होते मी.

मग बाईंनी विचारलं, "यांची स्वतःची बाग किती?"

"तीन एकर," अण्णा म्हणाले. "पर काढणार हाय औंदा."

मी भाषांतर केलं. बाईंची कात्री थांबली. "का?"

अण्णांनी मान वर केली नाही. हातातला घड विरळत म्हणाले, "सांग त्यास्नी. पोरगी एकट्याला ऱ्हाऊ दीना."

ते वाक्य मला इंग्रजीत सांगायचं होतं. सोपं वाक्य, पाच-सहा शब्दांचं. पण तोवर मी सगळ्यांना सांगत आले होते की अण्णा थकले, त्यांनाच आता बाग झेपत नाही. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. शेवटी सांगितलं, जसंच्या तसं: माझी मुलगी मला एकटं राहू देत नाही.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. "माझा मुलगा व्हिएन्नात असतो," त्या म्हणाल्या. "रोज फोन करून हेच म्हणतो. मी त्याला म्हणते, तू काळजी कर, ते तुझं काम. मी वेल बघते, ते माझं."

"काय म्हणाल्या?" अण्णांनी विचारलं.

मी तेही सांगितलं. अण्णा पुढच्या वेलाकडे सरकले. ओळ पुरी झाली तेव्हाच आम्ही खाली उतरलो.

त्या संध्याकाळी गच्चीवर आम्ही दोघंच होतो. बोट एका बंधाऱ्याच्या दोन दारांमध्ये उभी होती आणि आत भरणाऱ्या पाण्याबरोबर हळूहळू वर चढत होती. मी म्हटलं, "अण्णा, बाग काढायची नाही."

"आणि पडलो म्हंजी?"

"फोन गळ्यात अडकवायचा. न्हाणीत धरायला दांड्या बसवायच्या. सकाळ-संध्याकाळ तानाजीनं येऊन जायचं. एप्रिलची छाटणी उरकली की दोन महिने माझ्याकडे, न कुरकुरता."

"तुज्या आईच्या बी एवढ्या अटी नव्हत्या."

"मान्य का नाही?"

"बघू," अण्णा म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ आजवर आम्हा कुणाला लागलेला नाही. खोटं कशाला सांगू, ते नको म्हणाले असते तर मला थोडं बरंच वाटलं असतं. रंगवलेली खोली डोळ्यांपुढे येत होती आणि न्हाणीघराची ओली फरशीही.

उरलेले दिवस सुखात गेले. आणखी तीन वायनऱ्या पाहिल्या आणि अण्णा प्रत्येक ठिकाणी हात पाठीमागे बांधून फिरले. मी वाइन चाखली, डोंगर पाहिले, आणि किती जणांची आभारी आहे ते मोजून पाहिलं. मंदारच्या शटडाऊनची, गाइडची, कारण त्यानं आमच्यावर आरडाओरडा केला नाही, आणि सगळ्यात जास्त मारियाबाईंची. परक्या माणसानं आपल्या बागेत केलेली चूक त्यांनी हातात घेऊन नीट पाहिली होती. मला घरच्या माणसाचं तेवढं पाहता आलं नव्हतं.

बहरैनला उतरलो तेव्हा दुपार होती आणि दारं उघडताच तोच भट्टीचा झोत अंगावर आला. मंदार घ्यायला आला होता. घरी पोचलो, वरण-भात खाल्ला, झोपलो. बागेचा विषय अण्णांनी काढला नाही आणि मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिफ्टला निघायच्या गडबडीत स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. अण्णांच्या खोलीतून आवाज आला आणि माझं लाटणं थांबलं.

"तान्या, जेसीबीवाल्याला सांग, येऊ नगंस. न्हाई म्हंजी न्हाई! आरं, पण ड्रीपचं पाणी का बंद केलंस? कुणी सांगितलं तुला शाणपणा कराय? मी ऑक्टोबरच्या छाटणीला यायलोय, तवर एक काडी वाळली तर बघ!"

अर्धा तास ते तानाजीला झापत होते. शेजारच्यांना ऐकू जात असणार. आई गेल्यापासून त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. मंदार धावत आला, काय झालं म्हणून. मी हात वर करून त्याला गप्प केलं आणि दाराशी उभी राहिले, पोळी तव्यावर करपेपर्यंत. लहानपणी या आवाजाला मी पलंगाखाली लपायचे. आता तो थांबू नये असं वाटत होतं.