तिचा तंबोरा

त्या दिवशी दुपारी मी अन् माझा जुना मित्र आळंदीत त्याच्या दुकानात भोपळे निवडत बसलो होतो. हा तंबोरे बनवायचा. प्रत्येक भोपळ्यावर टिचकी मारून कान लावायचा. माझ्या टकलावरही मारली, म्हणाला, "हा अजून ओला हाय राव, वाळू द्या."

त्याच संध्याकाळी माझी बायको अचानक गेली. रोज तंबोऱ्यावर भजन म्हणायची ती. अशी सोडून गेली म्हणून रागाच्या भरात मी म्हणालो, "तिचा तंबोरापण चितेवर ठेवा."

"भोपळ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" म्हणत यानं तंबोरा काखेत घेतला अन् सरळ निघून गेला. मसणात सगळे आले, हा न्हाई. मला लई राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबोरा घेऊन आला. म्हणाला, "आता हा वाजवणारं कुणी न्हाई. तारा ताणलेल्या राहिल्या तर भोपळा तडकतो." मग माझ्याशेजारी बसून त्यानं चारही तारा एकेक करून सैल केल्या.