थेंब टाकायचा राहिला

मी एका फोटो स्टुडिओत प्रिंटर होतो. प्रिंटर म्हणजे मशीन नव्हे, माणूस. हे हल्ली आधीच सांगावं लागतं. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकांनी मला निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायचं जुनं यंत्र, एनलार्जर, देऊन टाकलं आणि मी ते घरी आणून बाथरूममध्ये बसवलं. तेव्हापासून बायकोला आंघोळीची वेळ माझ्याकडून ठरवून घ्यावी लागते. याबद्दल तिने मला जे जे ऐकवलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे.

रविवारी सकाळी मी क्लास घेतो. चार हौशी माणसं येतात. एक दातांची डॉक्टर, एक बँकवाला आणि एक नवराबायको. त्यांच्यापुढे मी अक्कल पाजळतो. कागदातली जादा चांदी काढून टाकणाऱ्या फिक्सरमध्ये फोटो पुरेसा वेळ ठेवा, भरपूर धुवा, मगच सेलेनियमच्या टोनरला हात लावा. सेलेनियमने फोटोतला काळा रंग गडद होतो आणि फोटो वर्षानुवर्षं टिकतो. पण फिक्सरने आपलं काम अर्धवट सोडलं असेल, तर कागदात उरलेल्या चांदीला सेलेनियम बरोबर गाठतं आणि पिवळे डाग पडतात. ते जन्मात जात नाहीत. म्हणून आधी फोटोच्या पांढऱ्या कडेवर टोनरचा एक थेंब टाकायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. पिवळं दिसलं तर फोटो पुन्हा फिक्सरमध्ये. हे मी इतक्यांदा सांगितलंय की बायको झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल.

गेल्या महिन्यात ताई आली. ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मला शिंक आली तरी तिला वाटतं, यानेच काहीतरी उद्योग केले असणार. तिने पिशवीतून एक फ्रेम काढली. भावजींना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. फोटोत ते बसडेपोच्या वर्कशॉपच्या पायरीवर बसलेत. मेकॅनिकचे फोरमन झाले त्या दिवसाचा फोटो, म्हणून पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, आणि चक्क हसताहेत. भावजी कॅमेऱ्यासमोर कधी हसायचे नाहीत. घरातल्या बाकीच्या फोटोंत ते कुणाला तरी जामीन राहायला आल्यासारखे दिसतात. हसरा हा एकच, आणि तो मी काढलेला, छापलेलाही मीच.

फोटो फिका पडायला लागलाय, असं ताई म्हणाली. निदान मी आहे तोवर टिकेल असं काही करता येईल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तू आहेस तोवर काय, तुझ्या नातवंडांना नातवंडं होईपर्यंत टिकवतो. ती म्हणाली, "हा एकच आहे, एवढं लक्षात ठेव." ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती. स्टुडिओ बंद होताना त्याची निगेटिव्ह मीच भंगारात घातली होती.

शहाण्या माणसाने हे काम दार लावून एकट्याने केलं असतं. मी रविवारपर्यंत थांबलो. चार प्रेक्षक फुकट मिळत असताना एकट्याने पराक्रम करण्यात काय मजा? टोनरला अमोनियाचा वास येतो, म्हणून मागच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या, हातमोजे चढवले, फोटो फ्रेममधून सोडवला आणि त्याच्या पाठीवरची माझी सही सगळ्यांना फिरवून दाखवली. सदतीस वर्षांपूर्वीची सही, आणि काय तिची ऐट! मग फोटो पाण्यात भिजत घातला.

दातांच्या डॉक्टरने हळूच विचारलं, "सर, आधी थेंब टाकायचा ना?"

"थेंब दुसऱ्यांच्या कामावर टाकायचा असतो," मी म्हटलं. "हे माझं काम आहे."

बँकवाल्याने ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

फोटो टोनरमध्ये गेला. पहिलं मिनिट झकास. भावजींचे केस गडद झाले, मागचं वर्कशॉपचं दार गडद झालं, आणि मी चौघांकडे असं पाहिलं की जणू सेलेनियमचा शोध मीच लावला होता. मग कॉलरखाली थोडं पिवळं दिसलं. मला वाटलं, खिडकीतला उजेड असेल. उजेड खिशावर उतरला. मग गालावर चढला. मी फोटो झटकन उचलून पाण्यात टाकला, नळ पूर्ण सोडला, उपयोग नाही हे माहीत असून बोटाने चोळत बसलो. नवराबायको चपला शोधायला लागली, आणि बँकवाल्याने वहीत काहीतरी खोडलं.

सगळे गेल्यावर मी स्टुलावर बसलो आणि मला हा फोटो छापला ती संध्याकाळ आठवली. ट्रेमधलं फिक्सर दोन दिवसांचं, दमलेलं होतं. नव्या फिक्सरचा डबा समोरच्या फळीवर होता, पण तो फोडून मिसळायचा मला कंटाळा आला. सिनेमाचा खेळ गाठायचा होता. चालतंय, कोणाला कळतंय, असं म्हणून मी फोटो बाहेर काढला आणि मागे ती ऐटदार सही ठोकली. कोणाला कळतंय? मलाच कळलं. सिनेमा कुठला होता, तेही आता आठवत नाही.

आठवडाभर मी ताईचा फोन उचलला नाही. पिवळा फिल्टर लावून डागाळलेल्या फोटोची कॉपी काढली. पिवळ्या फिल्टरने पिवळे डाग बरेच लपतात. या वेळी दोनदा ताजं फिक्सर, तासभर धुणं आणि कडेला थेंब, सगळं केलं. कड पांढरीशुभ्र राहिली. कॉपीत डाग नव्हते, पण भावजी थोडे कमी हसत होते. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा कॉपीत आल्याच नाहीत.

ताईकडे जाताना वाटेत मी तीन कारणं तयार केली. कागद जुना होता, पाणी खराब होतं, भावजी फ्रेमखाली बसून सिगारेट ओढायचे. तिसरं मला फारच पसंत पडलं होतं, कारण भावजी काही उलट बोलायला येणार नव्हते. पण ताईने दार उघडलं, चष्मा पदराने पुसला आणि हात पुढे केला, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. मी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले आणि सगळं सांगून टाकलं. डबा, कंटाळा, सिनेमा, थेंब, सगळं.

तिने दोन्ही फोटो शेजारीशेजारी सरकवले. मग विचारलं, "तो डबा फोडायला किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कॉपी उचलली, नीट पाहिली आणि चांगली झाली म्हणाली. बाहेरच्या खोलीत लावू, येणाऱ्याजाणाऱ्यांना बघायला बरी. माझा जीव भांड्यात पडला. मग हा खराब झालेला मी घेऊन जातो, कुठेतरी टाकून देतो, असं म्हणून मी डागाळलेल्या फोटोवर हात ठेवला.

"डाग तुझे आहेत," ताई म्हणाली. "माणूस माझा आहे. हात काढ."

मी हात काढला.