दाजींचं दरडोई उत्पन्न

भोसरीत आमच्या कॉलेजसमोरच्या चौकात मध्यंतरी एक फ्लेक्स लागला होता. देशाची अर्थव्यवस्था जगात कितव्या तरी क्रमांकावर गेली म्हणून अभिनंदन. अभिनंदन कोणाचं ते लिहिलं नव्हतं, पण खाली चौदा चेहरे होते; त्यांच्यापैकीच कोणीतरी हे घडवून आणलं असावं. त्या दिवशी मी वर्गात सांगितलं, की एकूण उत्पन्न म्हणजे पातेल्यातला भात आणि दरडोई उत्पन्न म्हणजे ताटातला. पातेलं मोठं असलं की फोटो चांगला येतो.

मग नेहमीचा आलेख दाखवला. दक्षिण कोरिया आणि आपण. सुरुवातीला दोन्ही रेघा तळाशी, शेजारी शेजारी. पुढे एक रेघ जिना चढावा तशी वर निघते आणि दुसरी, म्हणजे आपली, बराच काळ विचार करत बसल्यासारखी दिसते. हा आलेख मी इतकी वर्षं शिकवतोय, पण त्याचा आमच्या घरातल्या कोणाशी संबंध येईल असं कधी वाटलं नव्हतं.

माझी थोरली बहीण चाकणजवळच्या गावात दिलेली. दाजी शेतकरी घरातले. जमीन बरीचशी कारखान्यांत गेली आणि पाठोपाठ दाजीही एका कोरियन कंपनीत गेले, डायच्या देखभालीला. डाय म्हणजे पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा. तो रुसला की दाजींना बोलावतात. दाजी त्याच्यावरून हात फिरवतात आणि कुठे दुखतंय ते सांगतात. कंपनीला हे आवडलं असावं, कारण तीन वर्षांसाठी कोरियातल्या मूळ कारखान्यात या, असं तिने त्यांना सांगितलं. खोली कंपनीची, पगार तिकडचा, उत्तर पंधरा दिवसांत.

ताईचा फोन आला. रविवारी ये आणि यांना इथल्या-तिथल्या पगाराची नीट तुलना करून दे, एवढंच म्हणाली. तिला काय हवं होतं ते मला फोनवरच कळलं. सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, उरलेलं दीड एकर रान, आणि तीन वर्षं एकटी. ‘जाऊ नका’ हे तिला स्वतः म्हणायचं नव्हतं. ते अर्थशास्त्राने म्हणावं अशी तिची इच्छा होती.

मी गेलो तेव्हा दाजी ओट्यावर वाट बघत होते. गावात जो येईल तो तिकडच्या पगाराला रुपयाच्या दराने गुणून जात होता आणि माणसागणिक गुणाकार फुगत होता. मी सांगितलं, नुसतं गुणून काही कळत नाही. एका दिवसाच्या पगारात इथे काय काय येतं आणि तिथे काय काय येतं, ते बघायचं. देशांची तुलनासुद्धा अशीच करतात. दाजींना हे पटलं. त्यांचा कोरियन साहेब त्यांना म्हणाला होता, की लहानपणी त्याच्या घरी अंडं फक्त वडिलांच्या ताटात पडायचं. साहेबाची रेघ कुठून निघाली होती, हे दाजींना माझ्या आलेखापेक्षा त्या अंड्यावरून जास्त कळलं होतं.

आम्ही वीस वस्तूंची यादी केली. तिथले भाव आधी गेलेल्या सहकाऱ्याने फोनवर पाठवले होते. इथले दाजींनी सांगितले, धडाधड, कुठेही न अडखळता. मी लिहून घेतले, बेरीज केली आणि ती दोन्हीकडच्या एका दिवसाच्या पगाराशी ताडून पाहिली. आश्चर्य म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ सारखंच आलं.

“म्हंजी कोरिया आन आपुन बरोबरीतच?” दाजी जरा हिरमुसले. “मंग आमच्या चौकातली फ्लेक्सवाली बी खोटं न्हाईत बोलत.”

ताई चहा घेऊन आली. निकाल ऐकून तिचा चेहरा खुलला. कागद हातात घेऊन ती वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीवर थांबली.

“हे भाव कोणी सांगितले?”

मी दाजींकडे बघितलं आणि माझी चूक मला कळली. दाजी बावीस वर्षं कंपनीच्या बसने जातात, कँटीनमध्ये जेवतात, साबणसुद्धा कंपनीचाच वापरतात. या पट्ट्यातल्या अनेक पुरुषांना पोलादाचा भाव पाठ असतो आणि तेलाचा नसतो. दाजींनी सांगितलेल्या भावात आता तेलाची पिशवी फक्त बघायला मिळाली असती. आणि मी, अर्थशास्त्राचा प्राध्यापक, बाजार करणारी बाई आत चहा करत असताना बाहेर बसून पुरुषाला बाजार विचारत होतो.

ताईला कागद खाली ठेवता आला असता. तिच्या मनासारखंच त्यात लिहिलेलं होतं. तिने तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग म्हणाली, “पेन दे.”

वीसपैकी सतरा भाव तिने खोडले आणि शेजारी खरे लिहिले. दाजी मान वाकडी करून वाचत होते.

“त्याल येवढं? कधीपसनं?”

“झाली की दोन वर्षं. मी एक पिशवी कमी आणते.”

“मंग बोलली न्हाईस कधी.”

“तुम्ही विचारलंत कधी?” ती रागाने नाही, सहज म्हणाली, पण दाजींनी चहाचा कप खाली ठेवला.

मी पुन्हा बेरीज केली. आता तिकडचा एक दिवस इकडच्या दोन दिवसांपेक्षा जास्त भरला. मी तो निकाल हळू आवाजात सांगितला, जणू माझीच काहीतरी चोरी सापडली होती.

मग दाजी म्हणाले, “ऱ्हाऊ द्या पाव्हणं तो कागूद.” आणि ताईकडे वळले. “तू सांग.”

ताई पेनचं टोपण लावत राहिली. “जा. पण दोन वर्षं. तिसरं नाही.”

“कंपनी तीन म्हंती.”

“सांगा त्यांना, घरून दोनच मंजूर झालीत.”

कंपनीने आठवडाभर कुरकुर केली आणि दोन मान्य केली. दाजी गेले त्याला आता अकरा महिने होत आले. तिकडे ते स्वतः बाजार करतात. रविवारी फोनवर आधी इथले भाव विचारतात, तिथले सांगतात, आणि ताई त्यांना कोबी महाग घेतल्याबद्दल बोलणी देते. बाहेरच्या माणसाला वाटावं, दोन अडत्यांचं चाललंय.

परवा मी तिथेच बसलो होतो. तेल झालं, डाळ झाली, सासूचा गुडघा झाला. मग दाजी म्हणाले, “आता चौदा म्हैनं ऱ्हायलं.”

“तेरा आणि चार दिवस,” ताईने दुरुस्त केलं.